कनकाची अम्मा

कनकाला कुठं न्यायचं म्हटलं की आधी अन्नपूर्णाबाईंना न्यावं लागे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या साहेबापुढं जायच्या दिवशी, त्यांचं तिथं काडीचं काम नसताना, त्याही टॅक्सीत बसल्या. मुलाखत होती त्यांच्या धाकट्या दिराची, राघोत्तमची. तो तांबरमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. आदल्या वर्षी त्या देशानं गोऱ्यांखेरीज इतरांसाठीही दार जरासं किलकिलं केलं होतं. राघोत्तमनं अर्ज टाकला आणि मेलबर्नच्या एका संस्थेनं त्याला नोकरी देऊ केली. आता मध्ये उरला होता फक्त हा साहेब. तो दिल्लीहून दोन दिवसांपुरता मद्रासला आला होता आणि एग्मोरच्या एका हॉटेलात खोली घेऊन तिकडं जाऊ पाहणाऱ्या लोकांना पारखत होता. टॅक्सीत पुढं राघोत्तम बसला. मागं त्याची बायको वसंता, आठ वर्षांचा सुब्बा, आणि अन्नपूर्णाबाईंच्या मांडीवर कनका.

कनका चार वर्षांची. जन्मली वसंताच्याच पोटी, तंजावरकडच्या तिच्या माहेरी. पण बाळंतपणापाठोपाठ वसंताला विषमज्वर झाला, ती वाचते की नाही असं झालं, आणि कुणीतरी दुपट्यातलं ते गाठोडं मद्रासला आणून मोठ्या जावेच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, मांडीवर ठेवलं. ते परत उचलायचं राहूनच गेलं. वसंता हिंडूफिरू लागली तोवर पोरीला दुसऱ्या कुशीची सवय झाली होती. बोलू लागली तशी ती अन्नपूर्णाबाईंना अम्मा म्हणू लागली, आणि सख्ख्या आईला, घरातली मोठी माणसं हाक मारत तशी, नुसतं वसंता. घरचे पोट धरून हसले. हसल्यावर पोर तेच पुन्हा म्हणणार, ही जगाची रीत आहे. सुब्बा आपल्या आईला अम्मा म्हणायचा, अन्नपूर्णाबाईंना पेरिअम्मा, म्हणजे थोरली आई, म्हणायचा, पण त्याला कोण विचारतो? कनकाची चूक कुणी सुधारली नाही. अन्नपूर्णाबाईंनी तर नाहीच नाही.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यावरून घरात कुणी कधी वाकडा शब्द काढला नाही, आणि शब्द न काढताही काम भागत होतं. वसंताला पहिल्या खेपेला, सुब्बाच्या वेळी, डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायच्या होत्या त्या दिवशी, "अक्का, तुम्ही आत पायसाकडं बघा की," असं कुणीसं गोडीनं म्हणालं होतं. त्यांनी पायसाकडं बघितलं होतं. बाहेर बायका हसत होत्या आणि आत दूध आटत होतं.

कनकानं हे सगळं उलटवलं. दूधवाला, भाजीवाली, देवळापुढं फुलं विकणारी म्हातारी, सगळे त्यांना कनकाची अम्मा म्हणू लागले. अन्नपूर्णाबाई हे नाव उरलं ते रेशनकार्डापुरतं. राघोत्तमच्या अर्जाची गोष्ट निघाली तेव्हापासून त्या कनकाला कडेवरून खाली ठेवत नव्हत्या, पण परदेशी जाणाऱ्याला मागून ओढू नये, म्हणून जाऊ नका असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं.

हॉटेलच्या व्हरांड्यात गर्दी होती. बहुतेक अँग्लो-इंडियन कुटुंबं, फ्रॉकातल्या बायका, पोरांच्या केसांना पाणी लावून भांग पाडलेले. नऊवारीतल्या अन्नपूर्णाबाई त्यांच्यात एका खुर्चीच्या कडेवर टेकल्या. नाव पुकारल्यावर चौघं आत गेले. दार अर्धवट उघडंच होतं.

साहेब वाईट नव्हता. राघोत्तमचं इंग्रजी ऐकून तो खूश झाला, सुब्बाला त्यानं पाढे विचारले नाहीत, आणि कनकाच्या हातावर त्यानं पेपरमिंट ठेवलं. उगीच गंमत म्हणून त्यानं तिला विचारलं, मम्मी कुठाय? कनकाला ते कळेना. शेजारी टाइपरायटरवर पेरांबूरची एक जाडजूड बाई बसली होती, तिनं तेच तमिळमध्ये विचारलं. कनका खुर्चीवरून उतरली, वसंताच्या गुडघ्यांसमोरून चालत दाराबाहेर आली आणि तिनं अन्नपूर्णाबाईंचा पदर धरून त्यांना आत ओढलं.

"ही अम्मा," ती म्हणाली.

"मग ही कोण?" टाइपिस्ट बाईनं वसंताकडं बोट केलं.

"वसंता."

साहेबाचं हसू मावळलं. भावाबहिणींची, चुलत्यामामांची पोरं आपली म्हणून नेणारे लोक त्यानं पाहिले असणार. त्यानं जन्माचा कागद मागितला. घोडं नेमकं तिथंच अडलं. गावच्या नोंदीत नुसतं 'मुलगी' एवढंच होतं. आपल्यात बारशापर्यंत नाव कुठलं असायला? आईचं नाव लिहायचं कारकुनाला सुचलं नव्हतं, आणि बापाच्या नावाच्या जागी गावाचं नि आजोबाचं आद्याक्षर आणि राव एवढंच, जे दोघा भावांचं सारखंच. राघोत्तम समजावू लागला. जितकं जास्त समजावलं तितकं ते खोटं वाटू लागलं. शेवटी साहेब म्हणाला, तुमचं तिघांचं काम होईल, या मुलीचं नाव मी बाजूला ठेवतो. पुरावा असेल तर उद्या सकाळी आणा, उद्या दुपारी मी दिल्लीला निघालो.

ट्रिप्लिकेनच्या घरी, जिथं अजून जुनी तंजावरी मराठी चाले, दुपारी पंचायत बसली. अन्नपूर्णाबाईंचे यजमान दत्ताजीराव जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जन्मात बोटीवर पाय ठेवला नव्हता, पण बोटीवरून जाणाऱ्या जगाचं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती.

"तंजावरास जाऊन कागद कैसा होणार उद्यापर्यंत?" ते म्हणाले. "पोरीस ठेवून जा रे. तुझी नोकरी थांबणार नाही. वरीसभरात कागद करू, मग धाडू. ती हिथं काय परक्याकडं आहे?"

"तैसंच करावं लागेल, अण्णा," राघोत्तम म्हणाला. तो बायकोकडं बघत नव्हता.

वसंता उठून ट्रंकेकडं गेली. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आनंद झाला होता. लाज वाटावी इतका झाला होता. त्या आत गेल्या आणि उगाच डाळ निवडत बसल्या, निवडलेलीच डाळ. आपण काही केलं नाही, कुणाचं काही हिसकावलं नाही. पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं, साहेबानं ते ऐकलं, घरच्यांनी मान डोलावली. देव देतो तर आपण हात का मागं घ्यावा? वर्षभर म्हणतात. समुद्रापलीकडचं वर्ष किती लांबतं हे त्यांना कळत होतं, आणि ते लांबावं असंच त्यांना वाटत होतं.

चारच्या सुमाराला वसंता आत आली. हातात कनकाचे फ्रॉक होते, ट्रंकेत भरलेले, आता परत काढलेले. ते तिनं फळीवर रचले. वर एक लोकरीचा स्वेटर ठेवला, डाळिंबी रंगाचा.

"हे कधी विणलंस?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"ती झोपल्यावर. मासिकात बघून." वसंता घड्या सारख्या करत होती. "जागेपणी माप घेऊ देत नव्हती मला. झोपेत दोरीनं घेतलं."

अन्नपूर्णाबाईंनी स्वेटर उचलून पाहिला. बाह्या लांब होत्या, चांगल्या चार बोटं.

"चुकलं नाही ते, अक्का. पुढल्या हिवाळ्यासही यावा म्हणून. दुमडून घालायचं." ती थांबली. "राहू दे तुमच्यापाशी. तुम्ही आहात म्हणून ती जगली. माझं काय तोंड आहे मागायला?"

मद्रासेत लोकर कोण घालतो? इथं मार्गशीर्षातही पंखा लागतो. अन्नपूर्णाबाई तो स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या आणि त्याच्या लांब बाह्या दुमडून बघत राहिल्या. एक दुमड, मग दुसरी. आपण या पोरीला चार वर्षं न्हाऊ घातलं, भरवलं, पण पुढच्या वर्षी ती केवढी होईल याचा विचार आपल्या मनाला शिवला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना ती होती तेवढीच हवी होती. त्यांना स्वतःचा राग आला.

"वसंता," त्या म्हणाल्या, "हिथं लोकरीचं मी काय करू? तूच ने. आणि ज्या पोरीस घालायचं तिलाही ने."

"पण साहेब..."

"साहेबास मी सांगते. राघूस म्हणावं, सकाळी टॅक्सी आण."

दुसऱ्या दिवशी त्या तीच साडी नेसून साहेबापुढं उभ्या राहिल्या. कनका कडेवर होती. शेजारी राघोत्तम आणि वसंता. त्यांनी मराठीत सांगितलं, "ही वसंताची लेक. मी नुसती वाढवली. मज पोर झालंच नाही, अठरा वर्षांत एकही नाही."

राघोत्तमनं इंग्रजीत केलं ते फारच आखूड झालं. अन्नपूर्णाबाईंना इंग्रजी येत नसलं तरी लांबी कळत होती. साहेब मान हलवत राहिला. वाढवली म्हणजे काय, हेच त्याच्या डोक्यात शिरेना.

"सारं सांगितलंस का रे?"

"सांगितलं, वैनी."

"नाही सांगितलंस. वांझ आहे म्हणून सांग."

राघोत्तमनं खाली बघितलं. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. आईच्या ठिकाणी मानलेल्या वहिनीला तो काय म्हणून तसं म्हणणार? पण साहेबाला दुपारची गाडी होती. अन्नपूर्णाबाई टाइपिस्ट बाईकडं वळल्या आणि तमिळमध्ये, बाजारात भाव विचारावा तशा सरळ आवाजात, म्हणाल्या की मी मलडी आहे, वांझ. या घरात आले त्या दिवसापासून. हिला विचारा, तिला विचारा, गल्लीत कुणालाही विचारा. मला अम्मा म्हणणारं जगात एकच आहे, आणि ते हिचं आहे.

टाइपिस्ट बाईचे हात टाइपरायटरवरून खाली आले. मग ती साहेबाशी बोलू लागली आणि बराच वेळ बोलली, अन्नपूर्णाबाई जेवढं बोलल्या त्याच्या दुप्पट तरी. साहेबानं पेन ठेवलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, आणि त्या बाहेर जाईपर्यंत खाली बसला नाही. टाइप केलेल्या कागदावर अन्नपूर्णाबाईंनी मराठीत सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. कनका पेपरमिंट चोखत होती.

संध्याकाळी पोरं मागल्या पडवीत जेवायला बसली. या घरात पोरांना ताट नसे. अन्नपूर्णाबाई भात कालवून त्याचा गोळा करत, अंगठ्यानं मध्ये खळगा पाडत, खळग्यात सांबार घालत आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवत. कनका दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नसे. कनकाचं नावही आता तिघांबरोबर लागलं होतं; निघायला अजून महिना होता. रामेश्वरमपर्यंत गाडी, मग कोलंबो, मग पाण्यावरचे कितीतरी दिवस, आणि पोर रोज खाणारच.

"वसंता, हिथं बैस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हात ओला कर. घट्ट दाबू नको, सैल धर. हं. आता अंगठा."

वसंतानं गोळा केला. खळगा पडला तो आरपार, सांबार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. सुब्बा हसला. कनका हसली नाही. तिनं आपला तळहात अन्नपूर्णाबाईंपुढं धरून ठेवला.

"आज तिच्याकडून घे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "माझा हात दुखतो."

"कुठं दुखतो?"

"हिथं, अंगठ्यास."

कनकानं तो अंगठा निरखून पाहिला, त्यावर फुंकर घातली आणि नाइलाजानं हात वसंतापुढं केला. दुसरा गोळा बरा झाला. तिसरा चांगला झाला. वसंताच्या कपाळावर घाम होता, आणि दर गोळ्यानंतर ती जावेकडं बघत होती. अन्नपूर्णाबाई मान डोलावत होत्या. कनकानं तिसरा गोळा संपवला, बोटं चाटली आणि वर न बघताच हात पुढं केला.

"अम्मा, आणखी."

दोघींचे हात एकदमच भाताच्या पातेल्याकडं गेले. अन्नपूर्णाबाईंनी आपला मागं घेतला.