न नांगरलेली जागा

विमानातून काढलेले ते छायाचित्र आम्ही शाळेच्या दोन बाकांवर पसरले होते आणि चारही कोपऱ्यांवर खडूचे डबे ठेवले होते. आमच्या जुन्या गावाचे, एम्सिन्सिनीचे, ओढ्याकाठचे शेत त्यात स्पष्ट दिसत होते. नांगरटीचे तास विंचरलेल्या केसांसारखे सरळ होते. फक्त एका ठिकाणी ते दुभंगून एका लांबट जागेला वळसा घालत होते आणि पुढे पुन्हा एकत्र येत होते. मधली जागा डोळ्याच्या आकाराची होती. मात्र पूर्वेच्या अंगाला तो डोळा सुजल्यासारखा जरा फुगला होता.

मी भूगोल शिकवते, त्यामुळे हे काय आहे असे मीच विचारले. गावची जमीन परत मागणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्सिमांगाबाबा मान वर न करता म्हणाले, खडक. शेताचा गोरा मालक लुकास फुरी याच्या वकिलाने तसे लेखी दिले होते: त्या जागी जमिनीखाली खडक आहे, १९७७ साली त्यावर नांगराचा फाळ मोडला, तेव्हापासून तेवढा भाग सोडून नांगरतात.

खिडकीशी माझी आई बसली होती. माहेरच्या कुळावरून तिला सगळे माकुभेका म्हणत. तिने तपकिरीची डबी खट्कन बंद केली.

"खडक?" ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी त्या शेतात कुदळ मारली. मुठीएवढा दगड असता तरी त्याला मी नावानिशी ओळखलं असतं."

लोक हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. सत्तर वर्षांच्या बाईची आठवण हा काही कागद नव्हता, आणि आम्हाला कागदासारखे काहीतरी हवे होते. गुरुवारी जमीन आयोगाच्या अधिकारी पाहणीसाठी येणार होत्या.

गावच्या जमिनीचा डोंगराकडचा भाग परत मिळणार हे ठरले होते. माझे आजोबा आणि आणखी एकवीस जणांनी १९०८ साली बैल विकून तो घेतला होता. काळ्या माणसाने जमीन घेऊ नये असा कायदा येण्याच्या पाच वर्षे आधी. खरेदीखत आमच्यापाशी होते. पण ओढ्याकाठच्या शेताची हद्द त्या खतात धड वाचता येत नव्हती, आणि तिथे कधी कोणी राहिलेच नाही असे फुरीचे म्हणणे होते. वस्ती होती तर कबरी दाखवा, असे आयोगाने कळवले. मागणी रास्त होती. आमच्यात माणसाला गुरांच्या गोठ्यापाशी पुरतात. जिथे कबर, तिथे घर, याबद्दल वाद नसतो. परंतु गोठ्यांचे दगड फुरीच्या बापाने बंधाऱ्याच्या भिंतीत घातले होते, खुणेचे पांगारे तोडले होते आणि ओढ्याचे वळणही बदलले होते. लागोपाठ तीन रविवार म्हातारी माणसे त्या शेताच्या कडेने फिरली आणि तीन वेगळ्या जागा दाखवून परतली.

त्या कबरींत माझ्या वडिलांची एक होती. ते १९७१ साली गेले. "सरकारनं मला मताचा हक्क दिला, पेन्शन दिली," आई म्हणायची. "आता ह्यांच्या शेजारी दोन हात जागा दिली की माझं मागणं संपलं." गेल्या पावसाळ्यापासून तिच्या पायांना सूज येऊ लागली होती. ही जागा तिला लवकर हवी होती, हे आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

आम्हाला गोऱ्यांच्या सरकारने १९७६ च्या हिवाळ्यात हलवले. आधी दारांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले गेले. आमचा तेरा होता. मग सरकारी ट्रक आले आणि त्यांनी आम्हाला चाळीस किलोमीटरवर, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांत नेऊन सोडले. गुरे मिळेल त्या भावाला गेली. पुरुष खाणींत गेले. स्वस्त हातांच्या शोधात तिथे शिवणाचे कारखाने आले, त्यांतल्या एकात आईने नऊ वर्षे शर्टांच्या कॉलरचे धागे कापले. मी शिक्षिका झाले ती त्या धाग्यांवर.

एक माणूस मात्र ट्रकमध्ये बसला नाही. फानयाना सिथोले आमच्याच गावचा, थोरल्या फुरीचा ट्रॅक्टर चालवणारा. तो मागे राहिला, आणि नुसता राहिला नाही; भिंतींना साखळी बांधून घरे त्यानेच ओढून पाडली. मी नऊ वर्षांची होते. ट्रकच्या फळीवरून मी आमची भिंत गुडघ्यांवर बसताना पाहिली.

आमच्याकडे माणसाला मान द्यायचा तर कुळाच्या मूळपुरुषाच्या नावाने हाक मारतात. आम्ही हादेबे, आम्हाला भुंगाने म्हणतात. सिथोलेंना जोबे म्हणायचे असते. त्या हाकेत माणसाबरोबर त्याचे सगळे पूर्वज उठून उभे राहतात. त्या हिवाळ्यानंतर फानयाना सिथोलेला कोणीही जोबे म्हटले नाही. तसे ठरवायला बैठक भरली नव्हती. तशी गरज पडली नाही. रविवारी तो बसने आमच्या नव्या वस्तीतल्या चर्चला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि लोक त्याला 'सिथोले' म्हणत, हजेरी घेतल्यासारखे.

शाळेतली ती बैठक उठताना मी विचारले, की ते शेत नांगरतो कोण. सगळ्यांना उत्तर ठाऊक होते.

"ज्यानं घर पाडलं त्यालाच पत्ता विचारायचा?" म्सिमांगाबाबा म्हणाले. "जा, विचार. चहा दिला तर पिऊन ये."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बसने गेले. फुरीच्या मजुरांच्या खोल्या धरणापलीकडे होत्या, सिथोलेची शेवटची. फाटकाबाहेरून हाक मारल्याशिवाय आत जायचे नसते, आणि कुळाच्या नावाशिवाय हाक मारणे म्हणजे अपमानच. जीभ वळेना. शेवटी म्हणाले, "सिथोलेबाबा."

"बाईंनी अर्धीच हाक मारली," आतून आवाज आला. "असू दे. ये."

त्याने मला मक्याची आंबील दिली आणि स्वतः उलट्या डब्यावर बसला. पंचावन्न वर्षांचा असेल, पण खांदे वाकले होते. मी छायाचित्र उलगडून त्या डोळ्यावर बोट ठेवले. त्याने ते दोन्ही हातांत धरले आणि लांब नेऊन पाहिले. आपले काम आपण कधी वरून पाहिलेले नाही, असे तो म्हणाला. बरे दिसते. मग विचारले, की मला नेमके काय हवे आहे.

मी म्हणाले, तिथे खडक आहे का, एवढेच.

तो हळूहळू सांगत गेला, आणि मध्ये मध्ये इतका थांबत होता की मला वाटे संपले. आमचे ट्रक गेल्यावर पहिल्या नांगरटीला थोरल्या फुरीने ओढ्यापासून बांधापर्यंत सगळे सपाट नांगरायला सांगितले. गोठ्याचे दगड तोवर गेले होते, पण सात कबरी कुठे आहेत हे सिथोलेला माहीत होते. माझ्या वडिलांची तर त्याने स्वतः खणली होती. गावातल्या तरुणांचे ते काम असे. तो ट्रॅक्टर घेऊन कबरींपर्यंत आला, इंजिन बंद केले, फाळ काढून लोहारखान्यात नेला आणि घणाने त्याचे दोन तुकडे केले. मालकाला ते तुकडे दाखवून सांगितले, की खाली खडक आहे. शिव्या खाल्ल्या. वळसा घालून नांगर, असे मालक म्हणाला. पुढे नवा ट्रॅक्टर आला, मग थोरला फुरी वारला आणि मुलगा आला, पण तोपर्यंत खडक सगळ्यांच्या बोलण्यात पक्का झाला होता. दरसाल झिजलेला फाळ बदलला, की तो जुने लोखंड एकेका कबरीच्या उशाशी पुरत असे. आपण मेलो तर दुसऱ्या कोणाला खूण राहावी म्हणून.

"हे तुम्ही कधी सांगितलं का नाही?" मी विचारले.

"कोणाला?" तो म्हणाला. "तुमच्यापैकी मला हाक कोणी मारली?"

तो रागावलेला दिसला नाही. त्याने माझा रिकामा मग उचलून पुन्हा भरला.

"घरं मी पाडली, पोरी. तेरा नंबरपण मीच. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं पाडली असती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. बायको तेव्हा बाळंत झालेली होती, हेही सांगून पाहिलं. त्यानं भिंत काही उभी राहत नाही. नांगर तेवढा माझ्या हातात होता."

गुरुवारी याल का, असे विचारायला मला धीर करावा लागला. तो फुरीच्या खोलीत राहत होता, फुरीचे चाक फिरवत होता. त्याने येतो म्हटले नाही आणि येत नाही असेही म्हटले नाही. फाटकापर्यंत आला आणि आईच्या पायांची चौकशी केली. परत येताना माझ्या लक्षात आले, की त्यालाही ते माहीत होते.

आईला मी त्याच संध्याकाळी सगळे सांगितले. तिने बराच वेळ डबीचे झाकण उघडले आणि लावले. "बावीस वर्षं," ती म्हणाली. "मी चर्चमध्ये पाठ फिरवून बसत होते."

गुरुवारी शेत नुकतेच नांगरलेले होते आणि वारा कोरडी माती उडवत होता. अधिकारी पिल्लेबाई डर्बनहून आल्या होत्या. नेमक्या बोलणाऱ्या, पायात गमबूट. एका बाजूला लुकास फुरी आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आमची समिती, आणि बाकावर बसवलेली आई. म्सिमांगाबाबांनी एक जागा दाखवली, दुसऱ्या आजोबांनी दुसरी. पिल्लेबाईंनी दोन्ही लिहून घेतल्या आणि चेहऱ्यावर काही दाखवले नाही. तेवढ्यात धरणाकडून सिथोले येताना दिसला. खांद्यावर फावडे, अंगात चर्चचा कोट.

"ट्रॅक्टर बिघडला वाटतं मालकाचा," म्सिमांगाबाबा मोठ्याने म्हणाले. एकदोघे हसले.

सिथोले समितीकडे आला नाही. तो थेट लुकास फुरीसमोर गेला, टोपी काढली आणि गोऱ्यांच्या भाषेत बोलला. आमच्यापैकी बहुतेकांना ती येते. मालकांनी ती आम्हाला शिकवलीच होती.

"इथे खडक नाही. मी तुमच्या वडिलांशी खोटं बोललो, आणि मग तुमच्याशी. फाळ मी घणानं मोडला होता."

वकिलाने काही म्हणायला तोंड उघडले. फुरीने त्याला हाताने थांबवले. तो त्या जागेकडे बघत राहिला. लहानपणापासून त्याने तिला खडक म्हणूनच पाहिले होते. "बाबांना कळलं असतं तर त्यांनी तुला हाकललं असतं," तो शेवटी म्हणाला.

"म्हणून नाही कळू दिलं."

फुरी आडवा आला नाही, याबद्दल मी त्याचीही ऋणी आहे.

सिथोलेने पश्चिमेच्या टोकापासून चार पावले मोजली, गवत बाजूला सारले आणि फावडे घातले. हातभर खाली लोखंड वाजले. तांबूस झिजलेला फाळ त्याने वर काढला आणि पिल्लेबाईंच्या पायांपाशी ठेवला. मग तीन पावलांवर दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी तो मृताचे नाव सांगत होता आणि आमच्यातले कोणीतरी मागून 'हो' म्हणत होते. तिसरे नाव म्सिमांगाबाबांच्या आईचे होते. ते जाऊन त्या फाळाजवळ उकिडवे बसले आणि तिथून उठले नाहीत. पिल्लेबाई लिहीत होत्या. आता त्या प्रत्येक नावाचे स्पेलिंग मला विचारून घेत होत्या.

सातवी कबर वडिलांची. मी आईला धरून तिथे नेले. फाळ वर आला. ती वाकली आणि त्या लोखंडावर तिने हात ठेवला. सिथोले मात्र खणणे संपले तरी तिथून हलला नाही. कबरीच्या पूर्वेला गवताचा आणखी एक पट्टा होता, माणूसभर रुंद, आणि तास त्याच्याही पलीकडून वळून गेले होते. त्या पट्ट्याखाली काही नव्हते. छायाचित्रातला डोळा त्याच अंगाला फुगलेला होता.

"इकडे रिकामं आहे, मा," तो आईकडे न बघता म्हणाला. "मी खड्डा खणत होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, शेजारी जागा ठेवा म्हणून. तेवढी ठेवली."

आई सरळ उभी राहिली. तिने त्या पट्ट्याकडे पाहिले, ओढ्यापासून बांधापर्यंत पाहिले. बावीस नांगरटी तिच्या जागेभोवतीने वळसा घालून गेल्या होत्या, ती पत्र्याच्या खोलीत दिवस काढत असताना. मग ती त्याच्याकडे वळली. आवाज फाटकाबाहेरून हाक मारावी तितका मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"जोबे," ती म्हणाली.

टोपी त्याच्या हातातच होती, तरी ती काढायला हात डोक्याकडे गेला.

"जोबे, बस इथे. माझे पाय दुखतात, मी एकटी नाही बसणार."

ती त्या रिकाम्या पट्ट्यावर पाय पसरून बसली, स्वतःच्या जागेवर, आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर, नांगरटीत. आईने डबी उघडली. आमच्यात पूर्वजांना वाहतात तशी चिमूटभर तपकीर वडिलांच्या कबरीवर टाकली, मग डबी त्याच्यापुढे धरली. त्याला तपकिरीची सवय नसावी. त्याने घेतली आणि एकापाठोपाठ चार वेळा शिंकला.

"मातीतच वाढलास," आई म्हणाली, "आणि एवढंही सोसत नाही."