शकुबाईंनी लावलेली पोथी

"...आणि बापानं पोरीच्या तोंडाला पट्टी बांधली, तेव्हा कुठं गावाला झोप लागली," शकुबाईंनी पोथीच्या चालीत वाचलं, आणि भिंतीला टेकून बसलेल्या हौसेरावांनी खाडकन डोळे उघडले. ही कुठली पोथी?

कोपरखैरण्यातल्या त्या बैठ्या घरात श्रावणातली संध्याकाळ तेवढी शकुबाईंची. एरवी त्यांचं बोलणं कुकरच्या शिट्टीतही बुडून जाई. साताऱ्याहून नवरी होऊन आल्या तेव्हापासून हौसेरावांनी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. बाजारात गोणी वाहता वाहता मुकादम झालेला माणूस, घरातही टोळीवर ओरडल्यासारखा बोले. पण पोथी चौरंगावर आली की तेही टोपी घालून मांडी ठोकून बसत. अध्याय संपेस्तोवर उठायचं नाही, लावलेली पोथी समाप्तीशिवाय सोडायची नाही, हा नेम त्यांचाच. मधेच उठलेल्या व्याह्यालाही त्यांनी हात धरून बसवलं होतं.

आणि आज पोथीच्या लाल फडक्यात लेकीची कादंबरी होती.

उज्वलानं ती कॉलेजच्या पोरापोरींसाठी लिहिलेली. खाडीकाठच्या एका राज्यातली मुलगी; तिनं हाक मारली की समुद्र चढतो. बाप बांधाचा राखणदार. आणि पोरीचा जीव जडतो पलीकडच्या काठावरच्या मुलावर, ज्याच्या लोकांशी पाण्याचाही व्यवहार नाही. एक प्रकाशक ती छापायला तयार होता. हौसेरावांनी दोन-चार पानं चाळून निकाल दिला होता, "बापाच्या तोंडाला काळं फासनारी पोरगी! माझं नाव लावून ह्ये छापायचं न्हाय."

उज्वला भांडली नाही. "श्रावण संपला की प्रकाशकाला नकार कळवते," म्हणाली आणि ताटावरून उठली. ते उठणं शकुबाईंच्या काळजाला लागलं.

"उज्वलीचं हाय न्हवं ह्ये?" हौसेराव गरजले.

शकुबाईंनी मान वर केली नाही. "अध्याय चाललाय. वळ चुकंल माजी."

"बसा ना मुकादम," शेजारच्या बोनकोडे गावच्या सुंदराबाई म्हणाल्या. पोथीला त्या दरवर्षी येत. "मंग काय झाला गो त्या पोरीचा?"

स्वतःच्याच नेमात मुकादम असे अडकले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी न्हाय बसनार." शकुबाई वाती वळत म्हणाल्या, "अर्धी पोथी सोडली तर काय हुतं, त्ये तुमीच सांगता." ते आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

पण कान काही भिंतीकडं नव्हते. हळूहळू खांदा वळला, मग मान. सुंदराबाई सुनांना घेऊन येऊ लागल्या. प्रेमाचा प्रसंग आला तेव्हा शकुबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि चुंबनसुद्धा त्याच भक्तिभावानं वाचून काढलं. सुनांनी तोंडाला पदर लावले, मुकादम पंख्याकडं बघत राहिले. एकदा ते बाजारातून लवकरच घरी आले. "चप्पल तुटली," म्हणाले. चप्पल धडधाकट होती.

समाप्तीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. राज्यावर संकट आलं, पलीकडच्या मुलाला साखळदंडांनी बांधलं, आणि बापानं लेकीच्या तोंडाची पट्टी सोडली. तिनं हाक मारली. समुद्र चढला, साखळ्या तुटल्या, पण गावातलं एक घरही बुडालं नाही. शकुबाई न थांबता वाचत गेल्या. शेवटचं पान मिटलं तेव्हा हौसेराव उघड उघड रडत होते.

"उज्वले," ते म्हणाले, "लय उशिरा सोडली गं त्यानं पट्टी."

"पण सोडली ना, आण्णा."

त्यांनी टोपीनंच डोळे पुसले. "छाप. पुस्तकावर पुरं नाव टाक. उज्वला हौसेराव."

"पुरं म्हणजे उज्वला शकुबाई हौसेराव."

हौसेरावांनी बायकोकडं पाहिलं, नवीनच कुणी घरात आल्यासारखं.

"टाक की. तिचं आदी टाक."

शकुबाईंना इतका आनंद झाला की काय करावं कळेना. त्या लगबगीनं शिऱ्याचं पातेलं घेऊन आल्या. सगळ्यांना बसा म्हणायला गेल्या, तर महिनाभर वाचून वाचून आवाज पार बसलेला. ओठ हलले, शब्द फुटेना.

मग त्यांनी नुसता हात खाली केला, आणि मुकादमांसकट सगळं घर मुकाट्यानं पंगतीला बसलं.