एक तास वीस मिनिटं

नागपूरला पोहोचायला एक तास वीस मिनिटं लागतील, असं विमानातल्या बाईने सांगितलं, तेव्हा पट्टा आवळणारा बरकतचा हात तिथंच थांबला.

"बरं वाटत नाही का काका?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"नाही, नाही. ठीक आहे."

महाळुंग्याच्या कंपनीत बरकत बावीस वर्षं प्रेस मशीनचा फिटर होता. नागपूरच्या कारखान्यात तसलंच मशीन बंद पडलं, म्हणून साहेबांनी त्याला आज पहिल्यांदा विमानाने धाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका सकाळी, नागपूरहून बिल्किसआपाचा फोन आला होता. मेहुणे गेले होते. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"किती वेळ लागंल रं तुला यायला?" तिने विचारलं होतं.

"सोळा-सतरा तास तरी लागतील, आपा."

"मग नको धावू. मय्यत तेवढा वेळ ठिवता येणार न्हाई."

विमान असतं हे त्याला ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं, आणि त्याची बढती साहेबांच्या अगदी ओठांवर आली होती. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला नक्की जाऊ, असं त्याने ठरवलं. तेही राहून गेलं. बढती मात्र मिळाली.

नागपूरचं बंद मशीन आज दुपारी दोनला सुरू झालं. परतीच्या विमानाला अवकाश होता. रिक्षा करून तो मोमिनपुऱ्यात आपाच्या घरी गेला.

"आलास व्हय रं!" आपाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. केस पार पांढरे झाले होते, पण बोली अजून महाळुंग्याचीच होती. "रातभर गाडीत बसून पाय आखडले असतील. थांब."

त्याने काही बोलायच्या आत तिने घमेल्यात ऊन पाणी आणलं आणि त्याचे पाय धरले.

"आपा, सोड गं."

"गप बस. एवढ्या लांबनं माझ्याकडं येतंय तरी कोण?"

तिची बोटं टाचा चोळू लागली. बरकतला ते सोसवेना.

"आपा, मी विमानानं आलो. एक तास वीस मिनिटांत."

तिचे हात थांबले.

"तवा बी असायचं व्हय विमान?"

"हां."

"तुला म्हाईत हुतं?"

त्याची मान वर होईना. "हां, आपा."

घमेल्यातल्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, "खांदा द्यायला शेजारची पोरं आली हुती. चांगली हायेत पोरं."

एवढंच. तिने पदराने त्याचा एक पाय कोरडा केला, मग दुसरा. चटई अंथरली.

"पड जरा."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. डोळे मिटले, पण झोप कुठली यायला! एवढ्यात शेजारची अफरीन दारातून मोठ्याने हाका मारू लागली, "खाला, ओ खाला!"

आपा लगबगीने दाराशी गेली.

"हळू बोल गं," ती कुजबुजली. "भाऊ निजलाय माझा. लांबनं आलाय."