दोरीने बांधलेली दांडी

मित्रांनो, मी एक जुनं कागद कापायचं यंत्र आहे, आणि पक्का भित्रा आहे. हसलात ना? हसा, हसा. एवढं लोखंडाचं धूड, वर हातभर लांबीचं पातं, हे कसलं घाबरतंय, असंच वाटणार तुम्हाला. पण पातं माझ्या अंगात आहे, तुमच्या नाही. त्याची धास्ती काय असते ते मला विचारा.

मला जुळवणारा मिस्त्री मोठा खबरदार माणूस होता. त्याने माझ्या दोन्ही अंगांना एकेक दांडी बसवली. दोन्ही दांड्या एकदम दाबल्या तरच पातं खाली येणार. म्हणजे माणसाचा एक हात इकडे, एक हात तिकडे, आणि पात्याखाली फक्त कागद. काम झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता तू ठरवलंस तरी कुणाचं वाईट करू शकणार नाहीस." किती हायसं वाटलं होतं मला!

तिथून मी एका लहानशा छापखान्यात आलो. खोली एकच. एका भिंतीला छपाईचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला मी, आणि मधल्या टेबलावर वह्यांची बांधणी. मालकाला सगळे दादा म्हणायचे. बांधणी करणाऱ्याच्या बोटांना कायम डिंक चिकटलेला, म्हणून तो डिंक्या. आणि मला चालवायची ती मावशी. गठ्ठा टेबलावर ठोकून ती कडा जुळवायची, तो माझ्यात सरकवायची आणि दोन्ही दांड्यांवर हात ठेवायची. खच्च! दुकानदार कडेवरून बोट फिरवून म्हणायचे, "वा! काय सफाई आहे!" मी नुसता फुगून जायचो. मावशीला महिन्याचा पगार होता, तिची चाल संथ होती, आणि माझा जीव थाऱ्यावर होता.

मग गावाबाहेर वह्यांचा भला मोठा कारखाना उभा राहिला. त्याने भाव असे पाडले की दादांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानदार तिकडे वळले. दादांनी पगार बंद केला आणि सांगितलं, "आता जेवढे गठ्ठे कापाल, तेवढी मजुरी. माझा नाइलाज आहे." मावशीचं हातावर पोट होतं आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सुतळी आणली आणि माझी डावी दांडी दाबून घट्ट बांधून टाकली.

आमच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. एक दांडी बांधली की उजव्या हाताने पातं पाडायचं आणि डाव्या हाताने पुढचा कागद आत ढकलायचा. काम भराभर होतं. पण तो डावा हात कुठे असतो? पात्याच्या खाली, मित्रांनो! दर वेळी पातं सुटलं की मी खाली बघायचो, तिची बोटं शोधायचो. आहेत. पुन्हा खच्च. आहेत. दादांना दोरी दिसत नव्हती असं नाही. ते काणाडोळा करायचे, कारण माल वेळेवर गेला नाही तर उरलंसुरलं काम पण जाणार होतं.

आणि एकदा ते झालंच. पातं खाली आलं आणि कागदाबरोबर आणखी काहीतरी मऊ कापल्याचं मला जाणवलं. मला वाटलं, संपलं! मावशीने हात बाहेर काढला. बाहीचं टोक गेलं होतं, बोटं शाबूत होती. ती म्हणाली, "शिवून घेईन," आणि पुढचा गठ्ठा उचलला.

डिंक्याच्या हातातला ब्रश गळून पडला. "दादा, बघताय ना?"

दादा धावत आले. "मावशी, अगं सावकाश कर की जरा!"

"सावकाश कापलं तर घरी काय नेऊ, दादा?"

तेव्हा डिंक्याने विषय काढला. सरकारचं नवीन धोरण आलं होतं. शाळांच्या वह्यांचं थोडं काम लहान छापखान्यांसाठी राखून ठेवलं होतं, भावही ठरवून दिला होता. अट एवढीच की कामगारांना पोटापुरता महिन्याचा पगार द्यायचा, गठ्ठ्यावर मजुरी चालणार नाही.

"मला ठाऊक आहे रे," दादा म्हणाले. "पण पगार कबूल केला आणि पुढे काम आलंच नाही, तर? मी बुडेन. मला झोप लागत नाही या विचाराने."

"भीती तर मलाही वाटते," मावशी हळूच म्हणाली. "रोज."

दादा चिडले, ते स्वतःवरच चिडले असावेत. "सरक, मी कापतो," म्हणत ते माझ्यासमोर उभे राहिले. डाव्या हाताने गठ्ठा आत सरकवला, उजवा हात दांडीवर ठेवला. डावा हात अजून आतच होता. माझी तर गाळणच उडाली. दादांना दांडी काही दाबवेना. त्यांनी हात बाहेर ओढला आणि म्हणाले, "डिंक्या, कात्री आण." सुतळी त्यांनी स्वतः कापली. त्याच आठवड्यात त्यांनी अट मान्य केली.

आता मावशीला पगार आहे आणि तिचे दोन्ही हात माझ्या दांड्यांवर असतात. काम येतंय. पुढच्या वर्षी येईल का, धोरण टिकेल का, कोण जाणे. दादा अजूनही काळजी करतात.

पण शेजारच्या छापखान्याच्या मालकाला धीर झाला नाही. त्याने गठ्ठ्यावरचीच मजुरी चालू ठेवली. भिंतीपलीकडच्या यंत्राचा आवाज मला ऐकू यायचा. खच्च, खच्च, खच्च, मध्ये श्वासाचीही उसंत नाही. मी ओळखलं, दांडी बांधलेली आहे. परवा भर दुपारी तो आवाज एकदम थांबला. मग एक किंकाळी आली. मावशी आणि डिंक्या तिकडे धावले. परत आल्यावर मावशी माझ्याकडे पाठ करून बराच वेळ रडली.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी दुकान काढाल, कुणी वह्या विकत घ्याल, कुणी नियम करणाऱ्यांच्या खुर्चीत बसाल. माझी एवढी विनवणी ऐका. लहान धंद्याला जगण्यापुरतं काम द्या आणि काम करणाऱ्याला असा पगार द्या की त्याला घाई करावी लागणार नाही. त्याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल. कारण पातं एकदा सुटलं की खाली कागद आहे की हात, ते मला दिसतं, पण थांबता येत नाही.