बेंबळीचा पिठ्ठू आणि मंगळवारचा जोगवा

मित्रांनो, सगळं सांगतो, पण आधी मला भिंतीला नीट टेकू द्या. फार थकलोय. मी एक जुना पिठ्ठू आहे. पिठ्ठू म्हणजे जवान पाठीला बांधतात ती जाड कापडाची पिशवी.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला शिवलं. माझ्यासारखे हिरवे भाऊ तिथं ढिगानं पडले होते. मी बेंबळी गावच्या शांतलिंग नावाच्या जवानाच्या वाट्याला आलो. त्यांच्या पाठीवर बसून बर्फाचे डोंगर चढलो. माझ्या पोटात अंथरूण, जास्तीचे मोजे आणि घरून आलेली शेंगांची चटणी असायची. मुक्कामाआधी पिठ्ठू जमिनीला टेकवायचा नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी एकदाच मोडला. त्यांचे जोडीदार, ईट गावचे बलभीम, यांच्या पायाखाली सुरुंग फुटला, तेव्हा मला बर्फात टाकून त्यांनी बलभीमांना पाठीवर घेतलं. मला न्यायला दुसऱ्या दिवशी आले. मी रागावलो नाही.

नोकरी संपली, आम्ही बेंबळीला आलो. सुरुवातीला लोक मला हात लावून बघायचे. मग मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. कधी पोटात कांदे, कधी पेंड. उंदरांनी तळाची शिवण कुरतडली. कुणी बघितलं नाही.

यंदा दिवाळीच्या आधी ईटहून निरोप आला. बलभीमांचा नकली पाय झिजून मोडला होता. ते घराबाहेर पडेनात आणि कुणाकडं मागूही देईनात. शांतलिंगांची नात शिवांजली, दहावीतली. तिनं मला खुंटीवरून काढून झटकलं आणि सगळ्या गावाला सांगून टाकलं, "वाळूनं भरलेला पिठ्ठू घेऊन मी धाराशिवला चालत जाणार. मध्ये कुठंही टेकवणार नाही. पोचले, तर बलभीमआजोबांच्या पायासाठी मदत करायची."

लोकांनी कबूल केलं. धाराशिवचे आडतवाले सिद्धाराम हसत म्हणाले, "वजन माझ्या काट्यावर. ठरल्यापेक्षा कमी भरलं नायतर मधी टेकवलं, तर आमच्याकडून एक रुपाया न्हाय."

सुट्टीतल्या मंगळवारी निघालो. शांतलिंगआज्जा मागून टमटममध्ये. पहिल्याच गावात शिवांजली पाणी मागायला एका दारात उभी राहिली. घरातल्या धुरपताबाईंनी पाण्याआधी सूप आणलं आणि पसाभर जोंधळे माझ्या तोंडात ओतले.

"आवो मावशी, हे काय?"

"मंगळवारी पोरगी झोळी घेऊन दारात उभी. जोगवा न्हाय घालायचा व्हय?"

"झोळी न्हाय ही, पिठ्ठू हाय. एका जवानाच्या पायासाठी चाललेय."

"मग आनी एक पसा घे."

देवीच्या नावाचा जोगवा आमच्याकडं परत करत नाहीत. ते ऐकून गल्लीतल्या बाया सुपं घेऊन बाहेर आल्या. पुढच्या गावात तर बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांचे जोंधळे माझ्या पोटात, वाळूच्या गोणीवर. उन्हं वाढली, तिच्या खांद्यांवर माझे पट्टे रुतले. मलाही सोसेना. शेवटी उंदरांनी कुरतडलेली शिवण उसवली आणि जोंधळे डांबरावर सांडायला लागले.

तिनं हात मागं नेऊन मला खालून दाबून धरलं.

"आज्जा, वाळू काढते."

"बोली वाळूची झालीया."

"मग जोंधळे फेकू? वाळू काय आपली सोयरी हाय व्हय?"

"तोंड लई चालतंय. पायबी तसंच चालव."

"पाय चालतेत हो. पिठ्ठूच फाटलाय."

आज्जा टमटममधून उतरले. मला बघितलं, सांडलेले जोंधळे बघितले. मग दोन्ही हातांनी मला पोटाशी धरलं.

"टेकवायचा न्हाय ना? मग म्या धरतो. काढ वाळू. तवा बर्फात ह्याला टाकून माणूस उचलला हुता. वज्यातलं काय टाकायचं, ते तवा कळलं हुतं. मधी इसरलो."

तिनं गोणी ओढून काढली, वाळू कडेला ओतली. टमटमवाल्याच्या दाभणानं, सुतळीनं मला शिवलं.

संध्याकाळी सिद्धारामांनी मला काट्यावर ठेवलं.

"हे तर बोलीपेक्षा जास्त भरलं."

"पण वाळू न्हाय, काका," शिवांजली हळू म्हणाली.

"वाळूचं मला काय कळत न्हाय. जोंधळ्याचं कळतं." त्यांनी कबूल केलेली मदत दिली, वर जोंधळे विकत घेतले.

मित्रांनो, सुतळीची शिवण फार दिवस धरणार नाही. माझं राहू द्या. तुमच्या गावातही एखादा जुना जवान दारात नुसता बसलेला असेल. झेंडावंदनाला त्याला खुर्ची देता, ते बरंच करता. पण मधल्या दिवसांतही त्याच्याकडं जात जा. तो मागणार नाही. तुम्हीच विचारा.

परवा बलभीम नव्या पायानं बेंबळीला आले. गोठ्यातून मला काढलं, पाठीला लावलं आणि सावकाश आज्जांच्या घराकडं निघाले.

"आरं, टेकव की," आज्जा म्हणाले. "दमशील."

"मुक्कामाआधी न्हाय," बलभीम म्हणाले.