खिसे उलटे करून दाखवणाऱ्या घरातली तिपाई

“आई, तू वापरलेले स्वेटर नवे म्हणून विकतेस का?”

हा प्रश्न भिंगरीचा स्वतःचा नव्हता. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, हिंमत असेल तर घरी जाऊन विचारून दाखव. आणि भाषणाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून हिंमत हा शब्द कोणी उच्चारला की भिंगरी मागे हटतच नाही. नववीत गेली आहे, उंची आईच्या वर गेली आहे आणि घरात चालताना गिरक्या घेते, म्हणून भिंगरी. तिने जेवणाच्या टेबलावर सरळ विचारून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला. आईने डाव भांड्यात ठेवला, भिंगरीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

“मला कशाला विचारतेस? त्या तिपाईला विचार. तिने सगळं पाहिलंय.”

मित्रांनो, त्या कोपऱ्यात मीच उभी होते. मी एक जुनी तिपाई आहे, मोबाइल धरायची. पाय तीन, त्यातला एक लोकरीने बांधलेला. मान फिरते, पण कुरकुरते. आजवर मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता आईनेच साक्षीला बोलावलं आहे, तर सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून पाय निघाले, यंत्राने मान बसवली आणि कोणीतरी मला कागदात गुंडाळून खोक्यात घातलं. ऑनलाइन बाजारातून आईने विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे मी. आईला तिथे दुकान उघडायचं होतं. ती लहान मुलांचे स्वेटर विणते, दोन खिशांचे, निळ्या बटणांचे. स्वेटरचे फोटो हलू नयेत म्हणून मला आणलं. माझ्या खोक्यात मला पाठवणाऱ्या माणसाची चिठ्ठी होती, “मान जपून फिरवा, बाकी ही दणकट आहे.” आईने ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हणाली, “बघा, न पाहिलेला माणूससुद्धा किती आपुलकीने लिहितो.”

काय दिवस होते ते! सकाळचं ऊन खिडकीतून आलं की मला तिथे उभं करायचे. भिंगरी तेव्हा लहान होती, प्रत्येक स्वेटर आधी तिच्या अंगावर चढायचा. ती हनुवटी वर करून अशी उभी राहायची की जणू तिच्या चेहऱ्याचं नाणंच निघणार आहे. स्वेटर जायचे आणि काही दिवसांनी फोटो यायचे. कुठलं तरी गुबगुबीत बाळ, कुठली तरी दात पडलेली मुलगी, आणि अंगात आईचा स्वेटर. आई ते फोटो मला दाखवायची. म्हणजे मोबाइल माझ्या मानेत अडकवूनच बघायची, एकूण एकच.

मग एक स्वेटर परत आला. कारण लिहिलं होतं, मापात बसला नाही. आईने तो झटकला तर खिशातून बिस्किटाचा चुरा पडला. मापात न बसणाऱ्या स्वेटरात बसून कोणीतरी बिस्किटं खाल्ली होती. आई तेव्हा हसली. “एका दिवसाच्या फोटोपुरता हवा असेल बिचाऱ्यांना,” म्हणाली.

दुसऱ्यांदा पाकिटातून भलताच स्वेटर निघाला, विटका, कोपरावर भोक पडलेला. या वेळी ती हसली नाही. तिने बाजाराला कळवलं. उत्तर आलं की तुम्ही चांगलाच माल पाठवला होता याचा पुरावा द्या.

पुरावा. हा शब्द घरात आला आणि माझं काम पालटलं.

मला खिडकीतून उचलून दिव्याखाली उभं केलं. आता फोटो नाही, शूटिंग. आई स्वेटर उलटा करायची, सुलटा करायची, बटणं एकेक करून दाखवायची. शेवटी दोन्ही खिसे बाहेर काढून माझ्यासमोर धरायची, जादूगार रिकामे हात दाखवतो तसे. मग घडी, पाकीट, चिकटपट्टी, आणि पाकिटावरचा पत्ता माझ्यासमोर. घरातल्या घरात, स्वतःच्या हाताने विणलेल्या वस्तूबद्दल, ती कोणाला तरी सांगत होती की मी चोर नाही. बाबा म्हणायचे, अगं, विणायला लागतो त्याहून जास्त वेळ तुला शपथा घ्यायला लागतो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आई तर पाणीसुद्धा फुंकायला लागली. परत आलेले स्वेटर ती हुंगून बघायची. एकाच इमारतीतून दोन मागण्या आल्या तर यांचं काहीतरी ठरलंय म्हणायची. एका बाईने रंग कळावा म्हणून उजेडातला फोटो मागितला, तर आई म्हणाली, “आधी फोटो मागतात, मग त्याच फोटोवरून खोड काढतात.” पाठवला नाही. ती बाई गेली. पूर्वी मागणीच्या चिठ्ठीत घेणाऱ्याचं नाव असायचं, आता बाजार खरेदीदाराचं नाव सांगत नाही, नंबर देत नाही. नुसता पत्ता. पत्त्याला तोंड नसतं मित्रांनो, त्यामुळे त्यावर कुठलंही तोंड बसवता येतं. आईने सगळ्यांवर एकच बसवलं होतं.

आणि तिकडचे तरी काय करत होते? तेही पाकीट फोडताना शूटिंग करत होते. म्हणजे माझ्यासारख्याच कुठल्या तरी तिपाईसमोर बसून, अगदी असेच हात दाखवून. वरच्या मजल्यावरच्या काकूही त्याच बाजारात दिव्यांवर घालायच्या टोप्या विकायच्या. त्यांनी एक दिवस दुकान गुंडाळलं. त्या म्हणाल्या, नुकसान सोसता येतं गं, पण रोज उठून संशय घ्यायचा आणि रोज संशयाखाली झोपायचं, हे नाही झेपत. भिंगरीच्या मैत्रिणींच्या घरीही तिथून घेणं बंद झालं. त्यांचं म्हणणं, फोटोत एक आणि पाकिटात भलतंच. विकणारे जात होते, घेणारे जात होते, आणि जाताना दोघे एकमेकांकडे बोट दाखवत होते.

याच धामधुमीत माझा पाय मोडला. आईने घाईत मला ढकललं आणि मी पडले. नवी आणायला कोणी तयार नव्हतं, कारण नवी आणायची तर त्याच बाजारातून, आणि तिथे कोण विश्वास ठेवणार? भिंगरीने उरलेल्या लोकरीने माझा पाय बांधला. तिचे टाके आणि गाठी आईला कधीच पटत नाहीत. तिने एकदा एका निळ्या स्वेटरचं तिसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलं होतं, निळा दोरा संपला म्हणून. आई रागावली तर म्हणाली, “कोण बघतंय?”

मी बघत होते.

तो हिरव्या दोऱ्याचा स्वेटर एका घरी गेला आणि परत यायला निघाला, असा निरोप आला. पण आमच्या घरी तो आलाच नाही. आई म्हणाली, गिळला त्यांनी. पुढे दुसऱ्या एका घरी तसाच निळा, त्याच मापाचा नवा स्वेटर गेला. माझ्यासमोर खिसे उलटे करूनच गेला. आणि थोड्याच दिवसांत त्या घरून सगळ्या जगाला दिसेल असा शेरा आला, “वापरलेला स्वेटर नवा म्हणून पाठवला. खिशात कोणाचं तरी बसचं तिकीट आहे.” सोबत पाकीट फोडतानाचं शूटिंग.

आईने ते एकदाच पाहिलं. “नाटकी बाई,” म्हणाली. “तिकीट हिनेच घातलंय.” त्यानंतर मागण्या आटल्या. एका संध्याकाळी आईने विणायच्या सुया कापडात गुंडाळल्या आणि कपाटाच्या वर, अगदी मागे सरकवून ठेवल्या. ज्या हातांना बसल्या बसल्या विणायची सवय, ते नुसते मांडीवर पडून राहायला लागले. तो शेरा भिंगरीच्या मैत्रिणीच्या आईने वाचला, त्यातून पैज लागली, आणि पैजेतून तो जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न.

पण भिंगरी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. आईचं उत्तर तिला झोंबलं असणार. तिने जेवण अर्धवट टाकलं, हात धुतले, मोबाइल माझ्या मानेत अडकवला आणि खरंच मला विचारायला बसली. आधी आईचं शूटिंग. मग त्या बाईचं. मग परत आईचं. आणि एकदम ओरडली, “आई, हे बटण माझं आहे!”

त्या बाईच्या हातातल्या स्वेटरचं तिसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

म्हणजे आईने तिला पाठवलेला स्वेटर तिला मिळालाच नव्हता. मिळाला होता तो पहिल्या घरून परत निघालेला, वाटेत बाजाराच्या गोदामात अडकलेला आणि तिथूनच तिच्याकडे पुढे ढकललेला. पहिल्या घराने तो गिळला नव्हता. दुसऱ्या घरच्या बाईने तिकीट घातलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर संन्यासी तीन.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते माझ्या शेजारी येऊन खुर्चीवर बसले आणि सावकाश म्हणाले, “लिफ्टमध्ये शिरताना कोणी दोर तपासत नाही. का? तर तो मी आधी तपासलेला असतो. या बाजारात दोर कोणीच तपासत नाही. मग जो शिरतो तो मान वर करून दोराकडेच बघत राहतो. असं किती मजले जाणार? उतरतातच लोक.”

आईने त्या शूटिंगमधलं तिसरं बटण मोठं करून पाहिलं. सुट्टीच्या दिवशी ती आणि भिंगरी त्या बाईच्या घरी निघाल्या. पत्ता माझ्याच शूटिंगमध्ये होता. बाबा म्हणाले, असं कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नसतं. आई म्हणाली, मला फक्त बटण बघायचंय. मला पिशवीत घातलं होतं, मान बाहेर. पुरावा लागला तर असावा म्हणून.

बेल वाजवून आईने स्वेटरचं नाव काढलं, तसं दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून आधी मोबाइल बाहेर आला, शूटिंग चालू असलेला. इकडे आईनेही आपला मोबाइल धरलेलाच होता. दोन बायका, दोन मोबाइल, मध्ये साखळी. मला माझ्या जातीची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“विकणाऱ्या ना तुम्ही? घरापर्यंत आलात? शेरा काढणार नाही मी,” बाई म्हणाली. घाबरली होती ती, आणि का घाबरू नये?

भिंगरीने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. “काढू नका. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे.”

मग भिंगरीने सगळं सांगितलं, बटण, दोरा, गोदाम. सांगताना तिने दोनदा गिरकी घेतली. बाईने आतून स्वेटर आणून फटीतून दाखवला. आईने बोट घालून बटण चाचपलं, आणि सवयीने कॉलर सरळ केली.

“पटतंय मला,” बाई म्हणाली. “पण साखळी राहू दे हं.”

“राहू दे,” आई म्हणाली. “मीही मोबाइल बंद केलेला नाही.”

आणि दोघींनाही एकदम हसू आलं. साखळी शेवटपर्यंत निघाली नाही मित्रांनो, खोटं सांगणार नाही. पण निघताना बाईने फटीतून विचारलं, “तुमचं नाव काय?” इतक्या वर्षांत असं विचारणारी ती पहिलीच.

दोन्ही शूटिंगं बाजाराला पाठवली. उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ताकास तूर लागू दिली नाही. बाईने शेरा बदलायला घेतला तर बदलायची मुदत संपली होती. तिने चिडून आपलं खातंच बंद केलं. आई मात्र रोज दुकान उघडून बघत बसायची. सोडवत नव्हतं, आणि ठेववत नव्हतं.

मित्रांनो, मी साधी वस्तू आहे, तुम्हाला काय शिकवणार? पण माझी एक विनंती ऐका. माझ्यासमोर कोणाला खिसे उलटे करायला लावू नका. माझा पाय मोडला तो लोकरीने सांधला, अजून उभी आहे. आईने चिठ्ठी वाचताना जो आवाज काढला होता, तो मात्र मी पुन्हा ऐकलेला नाही. तो असतो तोवर जपा. मला तर आता अडगळीत जायचीच भीती होती. दुकान बंद म्हणजे माझंही काम बंद.

काल रात्री जेवणं झाल्यावर भिंगरी खुर्चीवर चढली. कपाटाच्या वर हात घालून तिने सुयांची गुंडाळी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग न्हाणीघरात गेली, बाबांचा दाढीचा आरसा घेऊन आली आणि माझ्या मानेत मोबाइलच्या जागी घट्ट बसवला. मी आयुष्यात पहिल्यांदा माणसाला त्याचंच तोंड दाखवलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “ऑनलाइन दुकान आपण बंद करतोय. रविवारी खेळाच्या मैदानाबाहेर मी टेबल मांडणार. पैज मी जिंकले आहे, म्हणून मैत्रिणींना मदतीला यावंच लागणार आहे. ही तिपाई तिथे उभी राहील. स्वेटर घाला, आरशात बघा, आवडला तर घ्या.”

“आणि मी दाढी कशात बघून करू?” बाबांनी विचारलं.

आईचा संशय अजून गेला नव्हता. ती सुया उलगडता उलगडता म्हणाली, “आणि कोणी घालून तसाच पळाला तर?”

“पळू दे,” भिंगरी म्हणाली. “मी त्याचा चेहरा पाहिलेला असेल, आणि त्याने माझा. मी जाणार आहे, आई. तू फक्त विणायला घे.”