शेंदरी पेल्यांचा सादडा

झाडं कापायच्या मशीनचा आवाज बुद्धप्रियाच्या कानावर आला. मंद्रूपच्या पुढं ओढ्याकाठी वनखात्याची लांबट पट्टी होती, ती तिच्या बीटमध्ये, राखणीच्या हद्दीत यायची. त्या पट्टीत मशीन लावण्याजोगं झाड एकच, जुना अर्जुनसादडा. तिनं गाडी बांधावरच आडवी टाकली आणि पळत सुटली.

वनरक्षक होण्याआधी ती सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकली होती. भाद्रपदात या सादड्याला येणारे शेंदरी पेले बघायला ती मुद्दाम वाट वाकडी करायची. बुरशीच ती, करंगळीच्या नखाएवढी, आतून रंगवलेल्या वाटीसारखी. मेलेल्या लाकडावरच उगवणारी. आधी ती खाली पडलेल्या फांद्यांवर दिसायची. यंदा ओढ्याकडच्या अंगानं बुंध्यावर हातभर चढली होती. वरून झाड हिरवंगार, पण त्या बाजूनं आतून संपलेलं.

लाकडाचा धंदा करणारा धोंडीराम कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडं उभा होता. मशीन त्याच्या गड्याच्या, शिवपुत्राच्या हातात. काप निम्म्यावर गेला होता.

“बंद कर ती मशीन!”

शिवपुत्रानं मशीन बंद करून मालकाकडं बघितलं.

“म्याडम, तुमी घरी जावा,” धोंडीराम म्हणाला. “म्हातारं झाड हाय. आज न्हाय तर उद्या पडणारच की.”

“पडेल, पण तुम्हाला पाहिजे तिकडं नाही. ही बाजू कुजलीय. झाड शेताकडं जाणार नाही, इकडंच बसेल, तुमच्या अंगावर.” तिनं बुंध्यावर बोट ठेवलं. “हे बघा. लाकूड जितं असतं तर हे उगवलं नसतं.”

धोंडीरामनं बुटाच्या टाचेनं ते पेले चिरडले. “भुईछत्रीला भिऊन धंदा सोडू व्हय? शिवपुत्र, लाव मशीन.”

मशीन पुन्हा घरघरली. बुद्धप्रियानं फोन काढून चित्रण सुरू केलं. त्यासरशी कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर बसला. फोन उडाला. दुसरा तडाखा त्याच बाजूच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. ती चिखलात तोंडावर पडली, तशी त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली.

“तुझ्यासारख्या कैक आल्या न् गेल्या!”

धड राहिलेल्या हातात चिखल घेऊन तिनं तो मागं वळून त्याच्या डोळ्यांवर मारला. शिवी हासडत, डोळे चोळत तो बुंध्याकडं भेलकांडला.

तेवढ्यात सादडा कडाडला. कुजकी बाजू भुसा होऊन दबली आणि अख्खं झाड ओढ्याकडं कललं. शिवपुत्र मशीन टाकून पळाला. धोंडीरामला पळता आलं नाही.

भुसा खाली बसला तेव्हा धोंडीराम किंचाळत होता. एक जाडजूड फांदी त्याच्या मांडीवर होती आणि खालून रक्त उसळत होतं. बुद्धप्रिया बघत राहिली. क्षणभर तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, गोड वाटलं. मग त्या गोडव्याचीच तिला शिसारी आली.

ती सरपटत त्याच्यापाशी गेली. एका हातानं कमरेचा पट्टा सोडला, त्याच्या मांडीला वरच्या बाजूनं आवळला आणि टोक दातात धरून ओढलं.

“शिवपुत्र!” ती ओरडली. “माघारी ये! पळालास तर ह्याचं मरण तुझ्या माथी!”

तो आला. रडत रडतच त्यानं फांदी कापली.

धोंडीराम वाचला, पाय मात्र मांडीपासून काढावा लागला. बुद्धप्रियाच्या हाताला नि खांद्याला प्लॅस्टर घातलं. दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आले, तेव्हा धोंडीरामची बायको सोनाबाई बुद्धप्रियाच्या खाटेशी येऊन उभी होती.

“ताई, तुमच्यामुळं माझं कुकू राह्यलं. मग आता केस कशापायी? पाय गेला की त्येंचा.”

“बाई, त्यांनी मला मारलं तेव्हा दोन्ही पाय धड होते.”

“लई दगडाची हाईस गं तू!” सोनाबाईनं तिचा प्लॅस्टरमधला हात धरला आणि हिसडला. बुद्धप्रियाच्या किंकाळीनं वॉर्ड हादरला. नर्सनं धावत येऊन सोनाबाईला ओढून बाहेर नेलं. जाताजाता ती छाती पिटत शिव्याशाप देत होती.

“हिचं पण लिहू का?” हवालदारांनी विचारलं.

ओठ चावत बुद्धप्रियानं श्वास सावरला.

“तिचं नको,” ती म्हणाली. “तिच्या नवऱ्याचं लिहा. पहिल्या दांड्यापासून सांगते.”